खिडकी लाव

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

आणि हे रचलेलं नाही. माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यांसमोर. निम्म्याहून जास्त तर माझ्याच हातून घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. मला फक्त सांगून मोकळं व्हायचंय, कारण घरात हे जिच्याशी बोलता आलं असतं ती आता नाही, आणि जी आहे तिच्यापुढे माझी मान वर होत नाही.

उन्हाळ्यातला मंगळवार होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या बाजूला ताईची खोली. खोलीच्या खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तो दुकानदार जुन्या सायकलींना फवाऱ्याने रंग मारतो. तो वास सरळ वर येतो.

हा वास लक्षात ठेवा.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ती बसस्थानकावर घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी सामानाची काळजी घ्यावी. आख्ख्या गावाने तिला ऐकलेलं, पाहिलेलं कुणीच नाही. एकदा आम्ही दोघी टाचण्या घ्यायला गेलो होतो. तिने भाव विचारला, आणि शेजारी उभे असलेले एक आजोबा पिशवी उचलून दाराकडे धावले.

"अहो आजोबा, काय झालं?" दुकानदाराने विचारलं.

"गाडी लागली ना माझी!"

त्या दिवशी ताई रस्ताभर हसत होती. तिचं हसणंही घोषणेसारखं, लांबून ऐकू येणारं.

मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल.

ताई रडली नाही. तिने कपाट रिकामं केलं, आत रजया टांगल्या, आणि मधे स्टूल टाकून बसली. शस्त्रक्रियेच्या आधीचे सगळे दिवस ती त्या कपाटात बसून आपला आवाज भरून ठेवत होती. रोजची वाक्यं. "अर्धा कप, साखर नको." "पंखा कमी कर." "कोण आहे?" "आलेच." "हसू नकोस, मी गंभीर आहे."

"खिडकी लाव."

"आणि हे खास तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तीन प्रकारचे 'मूर्ख' भरलेत. एक रागाचा, एक कंटाळ्याचा, एक लाडाचा. आयुष्यभर पुरतील."

आमच्या ऑफिसात संगणक सांभाळणारा एक आहे. त्याला सगळे दाढी म्हणतात, कारण त्याच्याकडे बघितल्यावर दुसरं काही दिसत नाही. त्याने ताईसाठी एक सोय करून दिली. माऊस नाही, चित्रं नाहीत. नुसता काळा पडदा. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'खिडकी' लिहून एंटर दाबलं, की ताईच्या आवाजात यंत्र म्हणायचं, "खिडकी लाव."

शस्त्रक्रियेनंतर तिच्या मानेला श्वासासाठी छिद्र होतं. डावा हात कायम मानेवरच्या रुमालावर. टाइप करायची ती उजव्या हाताने, एकाच बोटाने. टक टक टक... आणि मग जरा थांबून एंटर. जोरात. ठक्. रंगाचा वास तिला अजिबात सोसायचा नाही, खोकल्याची उबळ यायची. म्हणून दुपारी घरात सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते हेच. टक टक टक... ठक्. "खिडकी लाव."

आणि आई हातातलं काम टाकून उठायची.

दोन वर्षं हे चाललं. मग गाठ परत आली. थंडीत ताई गेली.

आवाज राहिला.

दुपारची आवराआवर झाली की आई तिच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसायची आणि मला हाक मारायची. "ए, लाव गं तिला जरा." मी काळ्या पडद्यावर एकेक शब्द लिहायचे. ताई म्हणायची, "अर्धा कप, साखर नको." आई म्हणायची, "बरं बाई." ताई म्हणायची, "खिडकी लाव." आई उठायची आणि खरंच खिडकी लावायची. ज्या दिवशी मुळी रंगाचा वास नसायचा, त्या दिवशीही.

फोनमध्ये ताईचे फोटो खूप आहेत. आवाज एकही नाही. दिवसभर बोलायचं हेच जिचं काम, ती घरी आल्यावर मोबाईल समोर धरला की तोंड फिरवायची. होतं ते सगळं त्या एका यंत्रात.

आता माझं सांगते. मी चित्रपटांच्या खाली येणाऱ्या ओळी बसवते. कुणी बोलायला लागलं की ओळ उमटली पाहिजे, थांबलं की विरली पाहिजे. मार्चमध्ये ऑफिसने सगळी यंत्रं नव्या सिस्टीमवर नेली. माझा घरचा लॅपटॉप मोडका. ताईचं यंत्र जुनं, पण दणकट. त्यावरची सिस्टीम पार म्हातारी झालेली, मधेच बंद पडायची. मी ठरवलं, त्यावर नवी सिस्टीम टाकायची. घरून काम करता येईल, आईजवळ राहता येईल.

दाढी सुट्टीवर होता. "मी आल्यावर करू," असा त्याचा निरोपही होता.

मला धीर नव्हता.

आई दारात उभी होती. "तिचं सगळं राहील ना गं?"

"राहील गं आई. कॉपी केलंय सगळं."

केलंच होतं. समोरच एक फोल्डर होतं, 'ताईचा आवाज' नावाचं. मी ते उचललं आणि पेनड्राइव्हवर ठेवलं. क्षणात झालं. इतकं क्षणात कसं झालं, हे माझ्या मनात आलं नाही. मग मी नवी सिस्टीम टाकायला घेतली. तिने विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?

खांद्याने फोन कानाला धरलेला, ऑफिसातलं कुणीतरी बोलत होतं. मी 'हो' दाबलं.

नव्या सिस्टीममध्येही तसाच काळा पडदा होता. दाढीने शिकवलेली पहिली आज्ञा लिहिली, फोल्डरमधल्या फाइली आणि त्यांचं वजन दाखवणारी. ओळी सरसर उतरल्या. आलेच. खिडकी. पंखा. चहा. सगळी नावं होती.

वजन मात्र...

एका शब्दाचं 'आलेच' आणि लांबलचक वाक्यं, सगळ्यांचं वजन जवळपास सारखंच. आणि तेही पिसाएवढं. आवाज इतका हलका नसतो. रोज आवाजातच काम करते मी, मला कळायला एक नजर पुरली.

त्या फाइली नव्हत्याच. फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या खुणा होत्या, कोपऱ्यात छोटासा बाण असलेल्या. खरा आवाज दाढीने यंत्रात दुसरीकडे, खोल कुठेतरी ठेवला होता.

घर पाडून झालं होतं, आणि माझ्या मुठीत नुसता पत्ता उरला होता.

दाढी सुट्टीवरून परस्पर आमच्याकडे आला. दोन तास यंत्रापुढे बसला. नाना आज्ञा लिहून बघितल्या. मग उठून पॅसेजमध्ये आला, मी त्याच्यामागे.

"तुझ्याकडे असेल ना रे एखादी कॉपी?"

"अगं, घरचा आवाज तुमचा. परक्या माणसाने कसा ठेवून घ्यायचा?" तो भिंतीकडे बघत होता. "ते बाण मीच करून ठेवले होते. आईंना कधी स्वतः लावावंसं वाटलं तर दाबता यावं म्हणून. पुसण्याआधी एक तरी उघडून बघायचं होतंस गं."

मी पेनड्राइव्ह त्याच्यापुढे धरला.

"जुन्या जागेवरच नवं लिहिलं गेलंय," तो म्हणाला. "आता नाही मिळायचं."

तो गेला. मी खोलीत आले. आई खुर्चीत बसली होती.

"झालं का गं? बोलेल ना ती?"

"बोलेल की," मी म्हणाले. "नवीन सिस्टीम आहे ना आई. बसवायला वेळ लागतो."

किती सोपं गेलं मला ते.

मग ते रोजचंच झालं. आवराआवर झाली की आई दारात यायची. "झालं का?" मी म्हणायचे, "होतंय." ती मान डोलवून खुर्चीत बसायची आणि मी समोर बसून माझं काम करायचे. सिनेमातली माणसं बोलायची. मागे आई गप्प बसलेली असायची. माझ्या पाठीला तिची नजर लागायची... ती माझ्या पाठीकडे बघत नसतानाही.

पहिली खूण अगदी साधी होती.

त्या काळ्या पडद्यावर वरचा बाण दाबला की आपण आधी दिलेली आज्ञा परत येते. पुन्हा लिहायला नको. मी बाण दाबला. माझी आज्ञा येण्याऐवजी एकच शब्द आला.

खिडकी.

मला वाटलं, जुन्या सवयीने माझ्याच बोटांनी लिहिलं असेल. मी तो पुसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, यंत्र चालू होतं. बाण दाबला. खिडकी. पुन्हा दाबला. खिडकी. पुन्हा... आई. आई. खिडकी. आलेच.

मी पडदा वर सरकवला. प्रत्येक शब्दाखाली यंत्राने दिलेलं उत्तर होतं.

खिडकी : अशी आज्ञा सापडली नाही.

आई : अशी आज्ञा सापडली नाही.

आलेच : अशी आज्ञा सापडली नाही.

"आई, तू हात लावला होतास का गं याला?"

"मी?" आईने चष्मा वर केला. "मला त्यातलं काय कळतं? मला तर त्याचं बटणही सापडत नाही."

खरं होतं ते. आईला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण टाइप तिने जन्मात केलं नाही.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आई पुढच्या खोलीत पडली होती. ताईच्या खोलीचं दार लोटलेलं.

टक टक टक...

माझा हात थांबला.

टक टक... टक.

मधे थांबणं. आणि मग...

ठक्.

एका बोटाचं टाइप करणं होतं ते. मी दोन्ही हातांनी लिहिते. या घरात एका बोटाने लिहिणारं एकच माणूस होतं.

मी दार उघडलं. खुर्ची रिकामी. खिडकी उघडी, आणि खालून रंगाचा वास भसकन आत आलेला. पडद्यावर शब्द होता, त्याखाली ते कोरडं उत्तर. नवी ओळ सुरू झालेली आणि कर्सरचा चौकोन लुकलुकत होता.

तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं. कुणीतरी आपल्या घरात आपल्या माणसांना हाक मारतंय आणि घरच म्हणतंय, असं काही इथे सापडत नाही. आणि ते घर असं मी करून ठेवलेलं.

मी खिडकी लावली. "लावली गं," असं पुटपुटलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दाढीला फोन केला. सगळं नाही सांगितलं. म्हटलं, "यंत्रात कुणी घुसलंय का बघायचं कसं?"

"बाहेरून? सोपं आहे. इंग्रजीत 'हू' लिही, म्हणजे 'कोण'. आत्ता कोण कोण आत आहे ते सांगेल."

मी 'हू' लिहिलं. दोन ओळी आल्या.

पहिली माझ्या नावाची.

दुसरीत लिहिलं होतं... ताई.

"दाढी, दोन जण दाखवतंय."

"दुसरं खातं कुठलं केलंस?"

"केलंच नाही. एकच केलंय. माझं."

"मग नेटची वायर काढ आधी. काढ, काढ!"

काढली. पुन्हा 'हू'. दोन ओळी.

"अजून आहे रे."

त्याने आणखी एक आज्ञा सांगितली, त्या खात्याची माहिती मागवणारी. यंत्राने उत्तर दिलं, या नावाचं कुणी इथे नाही. मी पुन्हा 'हू' लिहिलं. ताई होतीच. आणि ती बाहेरून आलेली नव्हती. ओळीत जागा दिली होती ती याच यंत्राची, याच कीबोर्डाची.

ज्यावर माझे हात होते.

मी ते दाढीला वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, "बंद करून ठेव. मी शनिवारी येतो."

"बरं," मी म्हणाले, आणि बंद केलं नाही. का, ते विचारू नका. बहीण घरी आलेली असताना दार लावून घेतं का कुणी?

पुढे आली ती दाराची घंटा.

मी बाजारातून आले होते. दोन्ही हातांत पिशव्या, किल्ली तळाशी. कोपराने घंटा वाजवली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मीच गं, उघड," मी म्हणाले.

आणि मग हातातली पिशवी सुटली. पिशवीतले बटाटे जिन्यावरून गडगडत खाली गेले. एकेक पायरी. टप्प... टप्प... टप्प.

तो ताईचा आवाज होता. बिघडलेला नाही, खरखरता नाही. शस्त्रक्रियेआधीचा, भरलेला, स्वच्छ. लांबून ऐकू येणारा.

आईने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड होता.

"झालं वाटतं तुझं बसवून!" ती म्हणाली. "सकाळपासून बोलतेय बघ. मला आधी सांगितलंही नाहीस, लबाड."



"हो," मी म्हणाले. "झालं."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षाही सोपं गेलं.

मी खोलीत धावले. सगळी फोल्डरं उघडली, आवाजाची फाइल कुठे आहे ते शोधायची आज्ञा दिली. यंत्राने सगळं धुंडाळलं. काही नाही. एकही नाही. ताईचा आवाज त्या यंत्रात कुठेच नव्हता, आणि त्याच खोलीत मात्र दिवसभर तिचं बोलणं चालू होतं.

आता तो मंगळवार.

मी सुट्टी घेतली होती. दुपारी आई ताईच्या खोलीत खुर्चीत बसली, मी यंत्रापुढे. खाली रंगाचा फवारा सुरू झाला. फुस्स... फुस्स.

"खिडकी लाव," ताई म्हणाली.

माझ्या हातांखाली कीबोर्ड होता. एकही कळ हलली नव्हती.

आईने उठून खिडकी लावली. "हे घे, लावली. आणखी काय हुकूम?"

"अर्धा कप, साखर नको."

"या उन्हात चहा कसला गं?" आई हसली. "थांब जरा. डोळा लागतोय माझा."

तिने मान मागे टेकवली. थोड्या वेळाने तिचा श्वास एका लयीत आला. खोलीत उन्हाची पट्टी होती, तिच्यात धूळ तरंगत होती. फवारा थांबला. रस्ता थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मग स्पीकरमधून श्वास घेतल्यासारखं झालं. घोषणेआधी ती घ्यायची तसा.

"धाकटे..."

हे तिने कधी भरलेलं नव्हतं. मला खात्री आहे. मी कपाटाबाहेर पाठ टेकून बसलेले असायचे, एकेक वाक्य मी ऐकलंय. मला उद्देशून तिने फक्त ते तीन भरले होते.

"धाकटे, मला कुठे ठेवलंस?"

रागाने नाही विचारलं. एखादी वस्तू सापडत नाही म्हणून घरातली माणसं एकमेकांना विचारतात ना, तसं. त्यानेच मला जास्त लागलं.

मी आईकडे बघितलं. डोळे मिटलेले.

"इथे काहीच ओळखीचं नाही गं. मी हाका मारते, कुणी—"

"हळू बोल," मी कुजबुजले. "ताई, हळू. आई उठेल."

"तू आईला काय सांगितलंस?"

इथे खरं सांगायला हवं. मी भुताला घाबरले असं लिहिलं असतं तर तुम्हाला पटलं असतं, आणि मलाही बरं वाटलं असतं. मी भुताला घाबरले नाही. मी घाबरले ती आई ऐकेल म्हणून.

यंत्रात चालू असलेली कामं दाखवणारी आज्ञा दिली. ओळीच ओळी उतरल्या. सगळ्या माझ्या नावाच्या, यंत्राच्या नावाच्या. शेवटून दुसरी ताईच्या नावाची. काय काम चाललंय ते दिसायची जागा रिकामी होती. फक्त कामाचा क्रमांक होता. दाढीने शिकवलं होतं, काम अडकलं तर क्रमांक देऊन ते मारून टाकायचं. हो, त्या आज्ञेला तसंच नाव आहे. किल.

मी लिहिलं. पुढे क्रमांक.

"आईला काय सांगितलंस गं? मी फक्त एवढंच—"

माझं बोट एंटरवर होतं. पहिल्या एंटरला यंत्राने माझा पासवर्ड विचारला होता, तोही लिहून झाला होता. जुनी सिस्टीम विचारायची, खात्री आहे का? हा काळा पडदा तसं विचारत नाही. त्याला वाटतं, लिहिणाऱ्याला कळतंय.

"धाकटे, मी—"

ठक्.

मी दाबलं होतं. जोरात. तिच्यासारखंच.

शांतता.

पंख्याचा आवाज परत आला. खाली रस्ता सुरू झाला. मी 'हू' लिहिलं. एकच ओळ आली, माझी.

मी श्वास सोडला आणि मागे वळले.

आईचे डोळे उघडे होते.

"का थांबवलंस तिला?"

"आई, ते... यंत्र अडकलं होतं गं."

"बोलत होती ती. तुझ्याशीच बोलत होती."

"आई, मला सांगायचं होतं, पण..."

"काय सांगणार होतीस? पुसलं गेलं ते?" आईचा आवाज चढला नाही. "तो दाढीवाला पॅसेजमध्ये बोलत होता, मी काय बहिरी आहे? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. म्हटलं, पोरगी आपणहून सांगेल. रोज दारात येऊन विचारत होते ते त्यासाठीच. 'झालं का' म्हणून."

मी उभी राहिले, मग बसले. हातांचं काय करायचं कळेना.

"ते चुकून झालं होतं," आई म्हणाली. "त्याचं मला काही नाही. तिलाही नव्हतं. आत्ताचं मात्र तू बघून केलंस."

ती उठली आणि खोलीबाहेर गेली.

शनिवारी दाढी आला. त्याने सगळं तपासलं. त्याला काही सापडलं नाही. यंत्राने नोंदच ठेवलेली नव्हती, दुसऱ्या खात्याची नाही, त्या कामाची नाही. मी दिलेली आज्ञा तेवढी होती. वरचा बाण दाबला की ती अजून येते. मी कितीदा पुसली, तरी येते.

"उन्हाने, दगदगीने होतं असं," तो जाता जाता म्हणाला. पण त्या कीबोर्डाला त्याने हात लावला नाही. स्वतःचा घेऊन आला होता.

या गोष्टीला तीन महिने झाले. यावर बऱ्याच जणांना वाटेल की संपलं. मलाही तसं वाटलं होतं.

आई दुपारी त्या खोलीत जाते. खुर्चीत बसते. मी दारात उभी राहते. खोलीत काहीही आवाज नसतो, यंत्रही बंद असतं. आणि आई मधेच म्हणते, "बरं बाई." थोड्या वेळाने हसते. मग उठते आणि खिडकी लावते.

मला काहीच ऐकू येत नाही.

कान देऊन ऐकलंय. स्पीकरला कान लावून ऐकलंय. दिवसभर माणसांच्या आवाजावर ओळी बसवते मी, कुजबुज सुटत नाही माझ्या कानांतून. या खोलीत नुसता पंखा.

लहानपणी आमचं भांडण झालं की ताई अबोला धरायची. घरात सगळ्यांशी बोलायची, मोठमोठ्याने, मला ऐकू जाईल असं. फक्त माझ्याशी नाही. तेव्हा निदान ऐकू तरी यायचं.

परवा न राहवून आईला विचारलं. "माझ्याबद्दल काही म्हणते का गं?"

आईने वाटाणे सोलता सोलता वर बघितलं.

"म्हणते. तुला सांगायचं एक वाक्य अर्धं राहिलंय म्हणते."

"काय होतं ते?"

"मी विचारलं. मला नाही सांगायची." आईने शेंग मोडली. "तुलाच सांगणार म्हणते. समोर येऊन."

समोर येऊन म्हणजे काय, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

तेव्हापासून दुपारी आई उठून गेली की मी यंत्र चालू करते. ऑफिसचं काम बाजूला सारते आणि काळ्या पडद्यावर एका बोटाने तो शब्द लिहिते, तिने माझ्यासाठी तीनदा भरलेला. मूर्ख. थांबते. एंटर दाबते.

अशी आज्ञा सापडली नाही.

पुन्हा लिहिते. रागाचा, कंटाळ्याचा, लाडाचा, कुठलाही येऊ दे.

खाली रंगाचा फवारा सुरू होतो. वास वर येतो. मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवते... आणि पाठीमागची खुर्ची रिकामी आहे ना, हे वळून बघत नाही.